रॅमच्या डोक्यावर कूलर: मोठा एअर कूलर बसवण्याआधी, बसवताना आणि काढताना

आमच्या नागपुरात ‘कूलर बसवतोय’ म्हटलं की समोरचा आधी खिडकीकडे बघतो. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची मोटर, एप्रिलमधली ती दरवर्षीची उस्तवार. मी लिहितोय ते कॅबिनेटच्या आतल्या कूलरबद्दल, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणाऱ्या सव्वा किलोच्या धुडाबद्दल. खिडकीतल्या कूलरचं काम पुढे एका ठिकाणी पडणार आहे, तेव्हा तोही लक्षात असू द्या.

अडचण अशी होते. ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, म्हणून दोन टॉवरचा (धातूच्या पातळ पत्र्यांचे, म्हणजे फिनचे, दोन उभे गठ्ठे असलेला) मोठा एअर कूलर मागवला जातो. रॅम आधीच घेतलेली असते, चकचकीत, वर आरजीबीचा (रंगीत दिव्यांचा) तुरा असलेली. सगळं जमवून झाल्यावर कूलरचा पुढचा पंखा लावायला जावं, तर तो रॅमच्या तुऱ्यावर येऊन बसतो. पंखा वर सरकवावा, तर कॅबिनेटचं झाकण लागत नाही. मी हे केलेलं आहे. झाकण न लावता दोन आठवडे पीसी चालवला आणि आत साठलेली धूळ बघून आईने विचारलं, “ह्याच्यावर टॉवेल टाकून देऊ का रे?” मोजायचं राहून गेलं होतं, एवढंच.

आधी फूटपट्टी

उदाहरणाला माझाच सेट घेतो: एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या आकाराचा) मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५. हा कूलर २०१४ चा, पण मोठ्या एअर कूलरची गोष्ट निघाली की लोक अजून त्याच्याशीच तुलना करतात. दोन्ही पंख्यांसकट वजन १,३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर.

कंपनी सांगते की दोन्ही पंखे लावले तर खाली ३२ मिलिमीटर उंचीची रॅम मावते. हा ३२ चा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेतलं की कुठल्याही कूलरचा हिशेब घरी करता येतो. १६५ ही उंची बोर्डापासून नाही, प्रोसेसरच्या धातूच्या टोपीपासून मोजलेली आहे. पुढचा पंखा १४० उंच. म्हणजे पंख्याचा खालचा काठ टोपीच्या २५ मिलिमीटर वर. टोपी स्वतः बोर्डापासून सात-आठ मिलिमीटर वर असते. बेरीज करा, ३२-३३ येते.

आता रॅम. उघडी स्टिक, म्हणजे वर काहीही न चिकटवलेली, सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते. कोर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्ससारख्या ठेंगण्या स्टिक ३४ च्या आत बसतात. जी-स्किल रिपजॉज व्ही ४२, त्याच कंपनीची ट्रायडेंट झेड आरजीबी ४४, कोर्सेअर व्हेन्जन्स आरजीबी प्रो ५१. कोर्सेअरच्याच डॉमिनेटरवाल्यांनी तर ५५ च्या पुढचीच तयारी ठेवावी.

माझी ४४ वाली होती. ४४ वजा ३२ म्हणजे १२. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला की कूलरची उंची १६५ वरून १७७ होते. माझ्या कॅबिनेटमध्ये १७० पर्यंतचा कूलर मावतो. झाकण का लागलं नाही, त्याचं उत्तर या तीन ओळींत होतं आणि ते कूलर मागवण्याआधीही काढता आलं असतं.

तेव्हा कागदावर तीन आकडे लिहा: रॅमची उंची, कूलरखाली किती उंचीची रॅम मावते तो आकडा आणि कॅबिनेटमध्ये किती उंच कूलर मावतो तो. तिसरा आकडा कॅबिनेटच्या पानावर असतो. कोर्सेअर ४०००डी मध्ये १७०, एनझेडएक्सटी एच५१० मध्ये १६५. रॅमच्या बाबतीत खोक्यावरच्या फोटोवर जाऊ नका, स्टिक हातात असेल तर सरळ पट्टी लावा. आणि शेवटी दोन-तीन मिलिमीटर हातचे राखा. पंखा रॅमला नुसता टेकलेला असला तरी थरथर थेट स्लॉटमध्ये उतरते आणि रात्री शांत खोलीत तो घर्र आवाज डोकं उठवतो.

मावत नसेल तर

रॅम अजून घ्यायची असेल तर विषय संपला: ठेंगणी घ्या. उंच तुऱ्याने रॅम वेगात चालत नाही. वेग ठरतो आतल्या चिप्स आणि त्या जिच्यावर बसवल्यात ती सर्किटची पट्टी यांवर. एक्सएमपीचे (कंपनीने स्टिकमध्येच भरून ठेवलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगचे) तेच आकडे असलेली ठेंगणी स्टिक त्याच वेगाने धावते. तुरा बहुतेक वेळा एलईडी आणि प्लास्टिकच असतो. दुकानदार ‘हीट सिंक मोठा आहे, ओव्हरक्लॉकिंगला चांगला’ म्हणेल. त्याला म्हणू द्या.

रॅम आधीच घरात असेल तर चार वाटा आहेत.

पहिली, पुढचा पंखा वर सरकवणं. क्लिपा सैल करून पंखा हवा तेवढा वर घेता येतो, कॅबिनेट रुंद असेल तर यात काहीच वाईट नाही. पंख्याचा वरचा भाग फिनच्या वर गेल्याने थोडी हवा फुकट जाते, पण तापमानात त्याचा फरक जेमतेम जाणवतो.

दुसरी, पुढचा पंखा काढूनच टाकणं. एनएच-डी१५ मध्ये रॅमच्या बाजूच्या फिन खालून कापलेल्या आहेत, त्यामुळे नुसता दोन टॉवरच्या मधला पंखा ठेवला तर ६४ मिलिमीटरपर्यंतची रॅम मावते. माझ्याकडे यात प्रोसेसरचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढलं. एवढं चालतं. पण पुढचा पंखा रॅमवरूनही थोडी हवा खेचत असतो, ती जाते. त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पुढे.

तिसरी वाट लोकांना चटकन सुचत नाही आणि मी शेवटी तीच घेतली. पुढच्या जागी १४० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा. पंखे नसताना या कूलरचे टॉवर १६० उंच आहेत. १२० चा पंखा टॉवरच्या माथ्याला लावून बसवला की खाली ४० उरतात, त्यात टोपीचे सात-आठ मिळवा, ४७ झाले. ४४ ची रॅम खाली आरामात उभी राहते आणि उंची १६५ च्या वर जात नाही. या कूलरच्या मूळ पंख्यांची भोकं १२० च्या पंख्यासारखीच असल्याने त्याच क्लिपा चालतात. कॅबिनेटसोबत आलेला फालतू पंखा मात्र इथे लावू नका. दाट फिनमधून हवा ढकलायची तर पंख्यात दम लागतो.

चौथी, कूलर बदलणं. एनएच-यू१२एस सारखा एकाच टॉवरचा सडपातळ कूलर रॅमच्या वर येतच नाही. डीपकूल एके६२० खाली ४३ मिलिमीटर मावतात. आठ कोअरच्या प्रोसेसरला, साध्या ओव्हरक्लॉकला, एवढं पुरतं.

पाचवी वाट म्हणून काही जण रॅमचा तुराच उपटून काढतात. काढू नका. धातूची पट्टी चिप्सना थर्मल टेपने घट्ट चिकटलेली असते आणि ओढताना चिप पट्टीबरोबर उपटून येते. हेअर ड्रायरने गरम करून काढल्याचे व्हिडिओ सापडतील. ज्यांची चिप उपटली त्यांनी व्हिडिओ टाकला नसणार.

बसवण्याचा क्रम

१. प्रोसेसर आणि रॅम बोर्ड बाहेर असतानाच लावा. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डाच्या पुस्तिकेत त्यांना ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. बऱ्याच बोर्डांवर स्लॉटची कडी फक्त वरच्या बाजूला असते. खालचं टोक नुसतं दाबून बसवायचं असतं आणि नेमकं तेच अर्धवट राहतं. डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघा, सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. हे आत्ता बघण्याचं कारण, एकदा कूलर वर आला की प्रोसेसरजवळची स्टिक पंखा काढल्याशिवाय हलत नाही.

२. एएम४ (माझ्या रायझनचं सॉकेट) बोर्डावर प्लास्टिकच्या दोन पट्ट्या चार स्क्रूंनी लावलेल्या असतात. त्या काढायच्या, मागची धातूची प्लेट मात्र ठेवायची, नवीन कूलर तिलाच धरतो. शेवटचा स्क्रू सुटला की ती प्लेट मागून टपकन खाली पडते, म्हणून बोर्डाखाली हात ठेवा किंवा बोर्ड खोक्यावर आडवा ठेवून काम करा. मग स्पेसर, त्यावर कूलरच्या दोन धातूच्या पट्ट्या, मग स्क्रू. पट्ट्या कुठल्या दिशेने लावता त्यावर कूलरचं तोंड ठरतं. हवा रॅमकडून कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे गेली पाहिजे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला कूलरसोबतची वेगळी प्लेट लागते, बाकी क्रम तोच.

३. आता बोर्ड कॅबिनेटमध्ये टाका आणि एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणारी प्रोसेसरची आठ पिनची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात लावून घ्या. कूलर बसल्यावर तिथे बोट पोहोचत नाही. काही जण कूलर बाहेरच लावून सगळं एकत्र आत सरकवतात. लहान कूलरला ठीक आहे. सव्वा किलोचं धूड लटकवून बोर्डाचे स्क्रू शोधणं माझ्या जिवावर येतं.

४. कॅबिनेट आडवं करा. प्रोसेसरच्या टोपीवर वाटाण्यापेक्षा थोडी लहान थर्मल पेस्ट, मधोमध. फार नाजूकपणा नको, दाबाखाली ती पसरते. कूलरच्या तळाचं संरक्षक आवरण काढलंय ना, ते बघा. हसू नका.

५. मधला पंखा काढून ठेवा, कारण कूलरचे दोन्ही स्क्रू त्याच्याच खाली आहेत. कूलर सरळ खाली ठेवा, दोन्ही स्क्रूंची टोकं पकडू द्या, मग एका बाजूला दोन आटे, दुसऱ्या बाजूला दोन आटे, असं आलटून-पालटून. स्क्रूखाली स्प्रिंग असते. आटे संपले की स्क्रू आपणहून थांबतो. तिथे आपणही थांबायचं.

या पायरीवर घाई करू नका, आणि ती का करू नये ते सांगतो. मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणजे रॅमच्या सगळ्या वाहिन्या सॉकेटच्या पिनांमधून जातात. एलजीए सॉकेटवर (ज्यात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात), मग तो इंटेलचा असो वा एएमडीचा एएम५, कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तर दुसऱ्या बाजूच्या पिनांचा स्पर्श कच्चा राहतो. पीसी चालू होतो, पण ३२ जीबीऐवजी १६ दिसतात, किंवा एक्सएमपी लावताच पडदा काळा. माणूस रॅम बदलून आणतो, बोर्डाला शिव्या घालतो. कूलर सैल करून सारख्या दाबाने परत बसवला की गेलेली १६ जीबी परत येते.

६. मधला पंखा लावा, मग पुढचा. क्लिपची तार ताणताना सटकली तर रॅमवर ओरखडा पाडते, म्हणून रॅमवर एक जाडसर कागद ठेवा. केबल सीपीयू फॅनच्या पिनांवर, आणि ती फिरत्या पात्यांत येत नाही ना ते हाताने पंखा फिरवून बघा. शेवटी ग्राफिक्स कार्ड. १५० मिलिमीटर रुंदीचा हा कूलर काही बोर्डांवर पहिल्या स्लॉटच्या फार जवळ येतो. कार्डाच्या पाठीला क्लिप टेकत असेल तर क्लिप वळवून घ्या, कारण ती पाठ बहुतेक वेळा धातूची असते.

चालू केल्यावर

पहिल्यांदा काहीही ओव्हरक्लॉक न करता चालू करा. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) दोन्ही स्टिक दिसतात का, रॅमच्या दोन्ही वाटा, म्हणजे चॅनेल, चालू आहेत का, एवढंच. मग फक्त एक्सएमपी. डीडीआर४ चा मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीत तो साधारण १.३५ होतो. रायझन ५००० ला रॅमचा ३६०० चा वेग आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाट) १८०० हे जोडीचं गणित चांगलं जमतं. यानंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर, किंवा विंडोजमध्ये टेस्टमेम५. एकही चूक चालत नाही. ‘एकच तर एरर आली’ म्हणणाऱ्याची फाइल सहा महिन्यांनी उघडत नाही.

रॅम पक्की झाल्यावरच प्रोसेसरकडे वळा: पीबीओ, कर्व्ह ऑप्टिमायझर (दोन्ही रायझनचा वेग वाढवण्याच्या सेटिंग), जे काही करायचं ते. दोन्ही एकाच दिवशी केलं आणि पीसी कोलमडला, तर दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडा जातो.

तापमानाचा हिशेब खोलीपासून सुरू होतो. एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या वर अमुक अंशांवर धरून ठेवतो, त्याहून जास्त काही त्याच्या हातात नसतं. ५८००एक्स मूळ मर्यादेत १४२ वॉट खातो. समजा कूलर त्याला खोलीच्या वर ५० अंशांवर धरतो. जानेवारीत खोली २५, प्रोसेसर ७५, सगळे खूश. मे महिन्यात दुपारी खोली ४०, प्रोसेसर ९०. आणि ९० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा, तिथून तो स्वतःच वेग उतरवतो. म्हणून विदर्भात हिवाळ्यात केलेल्या ओव्हरक्लॉकवर विश्वास ठेवू नका. खिडकीतला कूलर लावला की खोली खाली येते आणि पीसीलाही बरं वाटतं, फक्त त्याच्या झोताच्या सरळ रेषेत कॅबिनेट ठेवू नका. ओलसर हवा, बाहेरची धूळ आणि पाण्यातले क्षार मिळून फिनवर जो थर बसतो तो ब्लोअरनेही निघत नाही.

तरीही प्रोसेसरची मला तेवढी काळजी वाटत नाही. तापला तर तो वेग उतरवतो आणि आकड्यात दिसतो. रॅम तशी बोलत नाही. मेमरीच्या पेशींतला विद्युतभार सतत गळत असतो आणि ठरावीक वेळाने परत भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. ओव्हरक्लॉक करताना टीआरएफसी (एकदा भरायला दिलेला वेळ) कमी आणि टीआरईएफआय (दोन भरण्यांमधलं अंतर) जास्त करणारे आपण नेमकं हे भरण्याचं काम कमी करत असतो. वर १.४५ व्होल्ट दिलेला असतो. माझ्या स्टिक ४८-५० अंशांच्या पुढे गेल्या की चुका द्यायला लागतात.

गंमत म्हणजे रात्रभराच्या टेस्टमध्ये त्या कधीच ५० ला जात नाहीत, कारण तेव्हा ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं. दुपारी गेम लावला की कार्ड आपली उष्णता खालून वर सोडतं, ती वर चढून रॅम आणि कूलरच्या मधल्या फटीत अडकते. पुढचा पंखा काढून टाकला होता तेव्हा माझा गेम दर तासाभराने बंद पडायचा आणि टेस्ट म्हणायची सगळं ठीक. म्हणून टेस्ट करताना एकीकडे टेस्टमेम५ आणि दुसरीकडे ग्राफिक्स कार्डावर लोड, दोन्ही एकत्र चालवा, झाकण लावून, भर दुपारी. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान दिसतं, स्टिकमध्ये सेन्सर असेल तर. डीडीआर५ मध्ये तो असतोच. तिथे तर व्होल्टेज सांभाळणारी चिपही स्टिकवरच आल्याने तापायला आणखी एक कारण. त्यातही ठेंगण्या स्टिक मिळतात. जी-स्किल फ्लेअर एक्स५ फक्त ३३ मिलिमीटर आहे.

रॅम तापत असेल तर आधी कॅबिनेटचा समोरचा पंखा उचलून रॅमच्या पातळीला आणा. माझ्याकडे एवढ्यानेच चार अंश उतरले. नाही भागलं तर टीआरईएफआय खाली आणा, व्होल्टेज १.४ वर आणा. बेंचमार्कमध्ये (वेग मोजणाऱ्या चाचणीत) दोन आकडे कमी होतील.

काढताना

एवढा जड कूलर लावलेला पीसी बसमधून किंवा गाडीतून न्यायचा असेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड जमिनीला समांतर. कुरिअरने पाठवायचा असेल तर कूलर काढूनच पाठवा.

आणि काढणं हे एएम४ वर वेगळं प्रकरण आहे. पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरतं. पेस्ट वाळलेली असली की कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसर कडी बंद असूनही त्याच्याबरोबर उपटून येतो. माझा आला. रॅम बदलायची म्हणून कूलर खेचला आणि तळाला चिकटलेला प्रोसेसर हातात. कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झाल्या होत्या. मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घालून सरळ केली, भिंगाखाली, दोन तास. लावल्यावर रॅम निम्मीच दिसली. परत काढला, एक पिन अजून केसभर वाकडी होती.

तेव्हा काढण्याआधी दहा मिनिटं पीसीवर लोड टाका, पेस्ट मऊ होऊ द्या. बंद करून प्लग काढा, स्क्रू आलटून-पालटून सैल करा. मग कूलर वर न ओढता दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा, बरणीचं झाकण फिरवतो तसा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. ते कळल्यावरच उचला.